उत्तर आले, पण काय आले?

आमच्या लहानपणी घरातले विरजण संपले, की आजी माझ्या हाती वाटी देऊन मला शेजारी पिटाळीत असे. तिच्या सूचना ठरलेल्या असत. "कडी वाजवून उभा राहा, सरळ आत घुसू नकोस. कोणाचा कोण आणि कशाला आलास ते नीट सांग. काकू कामात असतील तर थांब. आणि मुख्य म्हणजे त्या काय म्हणतात ते ऐकून ये. नाहीतर रिकामी वाटी घेऊन येशील आणि म्हणशील, जाऊन आलो!"

ही शेवटची सूचना मला त्या वेळी अगदीच अनाठायी वाटे. जाऊन आलो म्हणजे काम झाले, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती समजूत चुकीची आहे, हे मला पस्तीसएक वर्षांनी उमगले, आणि तेही एका यंत्रापुढे बसून, भर वर्गात फजिती झाल्यावर! ती हकीगत वाचकांना सांगावी, आणि त्या निमित्ताने आपल्या सर्वांच्या खिशातला फोन दिवसातून हजारो वेळा जे काम गुपचूप करीत असतो त्याचीही ओळख करून द्यावी, म्हणून हा लेखप्रपंच.

शब्दांची यादी

मी महाविद्यालयात मराठी शिकवितो. गेल्या वर्षी आमच्या विद्यार्थ्यांनी एक उपक्रम आरंभिला. प्रत्येकाने आपल्या आजी-आजोबांकडून घरातले, शेतातले, धंद्यातले जुने शब्द गोळा करावयाचे. मोट, तिफण, कुळव, कणगी, उतरंड, इरलं, माळवद, पेव – पाहता पाहता तीनशेच्या वर शब्द जमले. मुले हौसेने लिहीत होती. तेवढ्यात वरून विचारणा झाली, "हे शब्द कोशांत आधीच नोंदलेले असतील, तर हा खटाटोप कशासाठी?" प्रश्न रास्त होता. इंटरनेटवर एक खुला मराठी शब्दकोश आहे. त्यात आमचे किती शब्द आहेत आणि किती नाहीत, ते पाहून सांगावयाचे ठरले. या उत्तरावर उपक्रमाचे भवितव्य अवलंबून होते.

मी संध्याकाळी घरी बसून एकेक शब्द शोधू लागलो. विसाव्या शब्दाला मान अवघडली. आमच्या सौ.नी चहा ठेवला आणि एक वाक्य ठेवून दिले, "या वेगाने तुम्ही निवृत्तीपर्यंत नक्की पोचाल." सुट्टीला आलेली माझी पुतणी शेजारीच बसली होती. ती बंगळूरला संगणकाच्या क्षेत्रात नोकरीला आहे.

"काका, हे हातानं काय करताय? चार ओळींचा प्रोग्राम लिहू. तो विचारील सगळ्या शब्दांचं."

"कोणाला विचारील?"

"कोशाच्या सर्व्हरला. तुम्ही पान उघडता तेव्हा ब्राउझर जे करतो, तेच आपण प्रोग्रामकडून करून घ्यायचं."

कडी कशी वाजवितात?

येथे थोडे मागे जावे लागेल. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली एक प्रस्ताव मांडला, आणि त्यातून पुढे वेब जन्मास आले. दोन संगणकांनी एकमेकांशी कसे बोलावे, याचे जे शिष्टाचार त्यांनी ठरविले त्यांस एचटीटीपी म्हणतात. १९९१ सालच्या पहिल्या स्वरूपात विनंती अवघी एका ओळीची असे. 'गेट' हा शब्द आणि पुढे हव्या असलेल्या कागदाचा पत्ता, एवढेच. समोरचा संगणक, म्हणजे सर्व्हर, तो कागद देई आणि दार लावून घेई.

आज ही विनंती जरा ऐसपैस झाली आहे. तिचे चार भाग असतात. पहिला भाग क्रियापद. 'गेट' म्हणजे द्या, 'पोस्ट' म्हणजे हे घ्या, 'डिलीट' म्हणजे हे काढून टाका. दुसरा पत्ता. तिसरा भाग लिफाफ्यावरच्या मजकुरासारखा. त्याला हेडर म्हणतात. कोण विचारतो आहे, कोणत्या भाषेत उत्तर हवे आहे, ही माहिती त्यात असते. चौथा भाग आतला मजकूर. नुसते मागावयाचे असेल, तर तो सहसा नसतोच.

यातल्या 'गेट' आणि 'पोस्ट' यांमधला भेद गृहिणींच्या चटकन ध्यानात येईल. दहा वेळा विचारले, "दूध आले का?" तर कोणाचे काही बिघडत नाही. पण दहा वेळा सांगितले, "एक लिटर दूध पाठवा," तर दारात दहा लिटर दूध येऊन पडेल! पैसे भरताना पडद्यावर 'पान पुन्हा उघडू नका' अशी जी विनवणी दिसते, ती याच भीतीपोटी.

या हेडरांपैकी एकाची कथा तर शुद्धलेखन तपासणाऱ्या आम्हां मंडळींनी चौकट करून लावावी अशी आहे. आपण कोणत्या पानावरून येथे आलो, हे सांगणारे एक हेडर आहे. त्याचे नाव 'रेफरर'. इंग्रजीत त्याच्या मध्यभागी 'आर' हे अक्षर दोनदा हवे. पण प्रथम लिहिणाऱ्याकडून ते एकदाच पडले. १९९६ साली नियम छापले गेले, तोवर ही चूक जगभर पसरली होती. ती सुधारावी, तर सगळेच कोलमडेल! तेव्हा आजही जगातील संगणक रोज हा शब्द इमानेइतबारे चुकीचाच लिहितात. विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट सांगितली, आणि लगेच पस्तावलो.

शिंप्याची पावती

प्रोग्रामसाठी पुतणीने जी भाषा निवडली, तिचे नाव जावास्क्रिप्ट. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत १९९५ च्या मे महिन्यात अवघ्या दहा दिवसांत उभी केली. पान थोडे हलते-बोलते करावे, एवढाच तिचा आरंभीचा हेतू होता. सर्व्हरला काही विचारावयाचे, तर त्या काळी सारे पान पुसून नवे आणावे लागे. १९९९ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या ब्राउझरच्या पाचव्या आवृत्तीत एक सोय दिली. पान जागच्या जागी ठेवून मागच्या दाराने सर्व्हरला प्रश्न विचारता येऊ लागला. पुढे ती 'एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट' या नावाने ओळखली जाऊ लागली. नावच उच्चारताना दम लागतो, मग वापरताना काय होत असेल! विनंती तयार करा, दार उघडा, शून्यापासून चारपर्यंतच्या पाच अवस्थांपैकी ती कोणत्या अवस्थेत आहे याकडे डोळे लावून बसा, चारावर आली की उत्तर उचला.

साहजिकच लोकांनी हा किचकट भाग एकदाच लिहून बांधून ठेवला आणि वर साधी मूठ बसविली. अशा तयार सामग्रीला लायब्ररी म्हणतात. या लायब्ररीत पुस्तके नसतात, हे मला दोनदा सांगावे लागले. २००६ साली जॉन रेसिग यांची जेक्वेरी आली, आणि हे काम एका ओळीवर आले. २०१४ साली मॅट झाब्रिस्की यांनी अ‍ॅक्सिऑस नावाची छोटी लायब्ररी प्रसिद्ध केली. ती केवळ एवढ्याच कामासाठी. विचारावे आणि उत्तर आणावे. आमच्या पुतणीने हीच घेतली. तिने लिहिलेली मुख्य ओळ मी वाचून दाखवितो : 'अवेट अ‍ॅक्सिऑस डॉट गेट', आणि पुढे कंसात पत्ता.

"अवेट म्हणजे थांबणे ना? कशासाठी?"

"काका, सर्व्हर लांब असतो. उत्तर यायला वेळ लागतो. तोवर संगणकानं हातावर हात ठेवून बसायचं का? म्हणून मागितलं की लगेच एक प्रॉमिस मिळतं. वचन."

वचन म्हणताच मला शिंपी आठवला. दिवाळीचे कापड टाकले, की शिंपी कपडा देत नाही, पावती देतो. ती पावती म्हणजेच वचन. तिच्या तीन गती संभवतात. कपडा अजून शिवावयाचा आहे, कपडा मिळाला, किंवा शिंप्याने हात वर केले. पावती खिशात ठेवून आपण बाजारातली इतर कामे उरकतो. 'अवेट' म्हणजे प्रोग्रामच्या त्या ओळीपुरते सांगणे, की पावतीचा निकाल लागेपर्यंत पुढे सरकू नकोस. जावास्क्रिप्टच्या प्रमाणभाषेत वचन २०१५ साली आले आणि 'अवेट' २०१७ साली.

आणखी एक गंमत पाहिली. पत्त्यामध्ये देवनागरी अक्षरे जशीच्या तशी जात नाहीत. त्यांचे आधी आकड्यांत रूपांतर होते. आपले प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटांचे, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट लिहिताना टक्क्याची खूण व दोन चिन्हे. 'मोट' या शब्दात म, ओकाराची मात्रा आणि ट अशी तीन चिन्हे. म्हणजे नऊ बाइट, आणि पत्त्यात सत्तावीस चिन्हे! विहिरीवरची साधी मोट, पण वेबच्या रस्त्याने जाताना एवढा लवाजमा घेऊन निघते.

पुतणीने दहा शब्द नमुन्यादाखल चालवून दाखविले. काहींपुढे 'आहे' उमटले, काहींपुढे 'नाही'. दुसऱ्या दिवशी ती बंगळूरला गेली.

माझे शहाणपण

आता पुढची चूक सर्वस्वी माझी. महाविद्यालयातल्या संगणकावर ती लायब्ररी नव्हती, आणि तेथे नवे काही बसविण्याची मला परवानगी नव्हती. मी थोडी चौकशी केली. 'फेच' नावाची तशीच सोय ब्राउझरांमध्ये २०१५ पासून अंगचीच आहे, आणि ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालविणाऱ्या 'नोड' या साधनातही ती २०२२ पासून आपोआप मिळते, असे कळले. मग लायब्ररी हवी कशाला? मी 'अ‍ॅक्सिऑस डॉट गेट' खोडून तेथे 'फेच' लिहिले. उत्तर आले तर 'आहे' छाप, काही अडचण उद्भवली तर 'नाही' छाप, ही मूळची रचना तशीच ठेवली.

प्रोग्राम धावला. तीनशेच्या वर शब्द, आणि प्रत्येकापुढे 'आहे'! एकही 'नाही' नव्हता. खरे तर येथेच शंका यावयास हवी होती, कारण पुतणीच्या नमुन्यात 'नाही' होते. पण यंत्राने सुबक रकाने मांडून दिले, की माणसाची बुद्धी झोपी जाते. सोमवारी वर्गात मी जाहीर केले, "तुमचे सर्व शब्द कोशात आधीच आहेत. तेव्हा बहुधा हा उपक्रम आपल्याला थांबवावा लागेल."

वर्ग गप्प झाला. आजीजवळ बसून चार-चार रात्री शब्द टिपणाऱ्या मुलांचे चेहरे मला अजून आठवतात. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती सांगलीजवळच्या हरिपूरकडची. हरिपूरची हळदीची पेवे एके काळी प्रसिद्ध होती. जमिनीत खोल खोदलेली ही कोठारे २००५ सालच्या महापुरात बरीचशी निकामी झाली. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आपण सगळे वापरतो, पण पेव डोळ्यांनी पाहिलेले किती?

"सर, 'पेव'चा अर्थ तिथं काय दिलाय? माझ्या आजीनं सांगितलेला आहे का, तेवढं बघायचं होतं."

मी मोठ्या ऐटीत पान उघडले. पान कोरे होते. वर लिहिले होते, या नावाचे पान येथे नाही.

चारशे चार

त्याच रात्री पुतणीला फोन लावला. तिने सगळे ऐकून एकच प्रश्न विचारला, "काका, तुम्ही स्टेटस बघितलंत का?"

सर्व्हर उत्तर देतो, तेव्हा मजकुराच्या आधी एक तीन आकडी संख्या पाठवितो. तिला स्टेटस म्हणतात. दोनशेच्या घरातली संख्या म्हणजे काम झाले. तीनशेचे घर म्हणजे बिऱ्हाड दुसरीकडे गेले, तिकडे जा. चारशेचे घर म्हणजे मागणाऱ्याची काही चूक, आणि पाचशेचे म्हणजे देणाऱ्याच्या घरातच गडबड. यांतील ४०४, म्हणजे 'येथे असे काही नाही', ही संख्या तर पुष्कळांनी पडद्यावर पाहिलेली असेल. सर्नमध्ये ४०४ क्रमांकाची खोली होती, तीवरून ही संख्या आली, अशी एक कथा सांगतात. बर्नर्स-ली यांचे सहकारी रोबेर कायो यांनी ती निव्वळ दंतकथा असल्याचे सांगून टाकले आहे.

१९९१ सालच्या त्या पहिल्या एका ओळीच्या पद्धतीत मात्र ही संख्या नव्हतीच. कागद मिळाला काय किंवा नकार मिळाला काय, दोन्ही मजकुराच्याच रूपाने येत. कोणते काय आहे, हे वाचणाऱ्या माणसाने वाचून ओळखावयाचे. माणूस ओळखतो, पण यंत्राने कसे ओळखावे? म्हणून संख्या आली, आणि १९९६ सालच्या नियमांत ती नोंदली गेली.

माझी फसगत नेमकी येथे झाली. 'फेच'च्या लेखी सर्व्हरपर्यंत पोचणे आणि काहीतरी उत्तर मिळणे, एवढ्यानेच वचन पुरे होते. दारच सापडले नाही, तार तुटली, तरच ते मोडते. म्हणजे शिंप्याने पुडके दिले. मग आत शिवलेला सदरा असो, की 'जमत नाही' अशा चिठ्ठीसह परत केलेले कापड असो! पुडके सोडून पाहणे तुमचे काम. त्यासाठी उत्तरासोबत 'ओके' नावाची एक खूण येते. ती खरी की खोटी, हे एका ओळीत तपासावे लागते. ती ओळ मी लिहिलीच नव्हती. 'अ‍ॅक्सिऑस' मात्र दोनशेच्या घराबाहेरची संख्या दिसली, की आपण होऊन अडचण जाहीर करते. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक एवढीच, की मी एकीचा संसार दुसरीच्या भरवशावर मांडला.

तीनशे वेळा यंत्राने मला सांगितले होते, नाही, नाही, नाही. आणि मी तीनशे वेळा लिहून घेतले, जाऊन आलो!

पुन्हा एकदा, नीट

दुसऱ्या खेपेस आजीच्या सगळ्या सूचना पाळल्या. 'ओके' तपासले. नकार आला तर कोणत्या संख्येने आला ते टिपले, कारण ४०४ म्हणजे शब्द नाही. पण ५०० म्हणजे आज विचारू नका, एवढेच. दोहोंना एकच 'नाही' म्हणणे हा शब्दांवर अन्याय होईल. हेडरात आपण कोण आणि कशासाठी विचारतो आहोत, हे लिहिले. किती वेळ वाट पाहावयाची, त्याची मर्यादा घातली. ती आपण घातली नाही, तर प्रोग्राम एखाद्या मुक्या दारापाशी ताटकळत राहू शकतो.

आणि प्रत्येक प्रश्नानंतर एक सेकंद थांबलो. यंत्राला घाई करता येते म्हणून करू नये. एका दमात शेकडो प्रश्न टाकणे म्हणजे शेजारच्या दाराची कडी सतत वाजवीत राहणे होय. त्यासाठीही एक संख्या आहे, ४२९. 'फार झाले, जरा दमाने घ्या.' ती २०१२ साली नियमांत आली. तीनशेच्या वर शब्दांना पाच मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागला. तेवढ्यात माझा चहा झाला.

या वेळी खरे उत्तर आले. काही शब्द होते, पण पुष्कळ नव्हते. जे 'नाही' ठरले, ते मी आणखी एकदा चाळले. मुलांनी बोलीप्रमाणे 'इरलं' लिहिले होते. कोशात तोच शब्द 'इरले' असा असू शकतो. आपल्याला दोन्ही एकच, पण यंत्राच्या दृष्टीने ते दोन निरनिराळे पत्ते. तेव्हा असे शब्द दोन्ही रूपांनी विचारले. यंत्र विचारण्याचे काम करील, पण काय विचारावयाचे हे मराठी जाणणाऱ्यानेच ठरवावे लागते, हे पाहून माझ्या पगाराविषयी मला थोडा धीर आला.

मंगळवारी वर्गात जाऊन मी चूक कबूल केली. माझे 'आहे' खोटे होते आणि तुमचा उपक्रम चालू राहील, असे सांगितले. मुलांनी टाळ्या वाजविल्या. त्या माझ्या कबुलीला की उपक्रमाला, हे विचारण्याच्या भरीस मी पडलो नाही.

हरिपूरकडची ती मुलगी तास संपल्यावर टेबलापाशी आली. तिच्या आजीने सांगितलेली एक गोष्ट तिने टिपून आणली होती. पुष्कळ दिवस बंद असलेल्या पेवात एकदम उतरत नसत. तोंड उघडून आधी वारा खेळू देत, मग दोराने पेटता कंदील खाली सोडीत. कंदील विझला, तर आत जाणाऱ्याने थांबावयाचे. तोंड उघडले म्हणजे वाट मोकळी झाली, असे नव्हे.

आता विद्यार्थी त्या खुल्या कोशात एकेक शब्द स्वतः भरीत आहेत. अर्थ, वापर आणि कोणत्या भागातला ते लिहून. वेबच्या भाषेत ही 'पोस्ट'ची विनंती. 'गेट'ने मागितले, 'पोस्ट'ने देत आहोत. शेजारची वाटी रिकामी परत करू नये, असेही आजी म्हणत असे.

'पेव' हा शब्द त्या मुलीने भरला. भरून झाल्यावर मी तिला म्हटले, "आता पान पुन्हा उघड आणि दिसते का पाहा." तिने उघडले. दिसत होते. मग मी माझा प्रोग्राम त्या एका शब्दासाठी पुन्हा चालविला. संख्या आली २००. तरीही मी एकदा पानावरचा अर्थ वाचून घेतला.